आट्यांना जोर लावू नये

आमच्या घरात एक नियम तीन पिढ्या चालत आला आहे. आट्यांना जोर लावायचा नाही. बरणीचं झाकण असो, सायकलचा नट असो, अडलं की थांबायचं, मागं यायचं, नीट बघायचं. आजोबा कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. अडीच फुटी रुळांवर धावणाऱ्या त्या छोट्या गाड्यांचे नट-बोल्ट उघडण्यात आणि बसवण्यात त्यांचा जन्म गेला. बोल्ट बसवताना ते आधी तो उलटा फिरवत. उलटा फिरवता फिरवता एका क्षणी बोल्टाचा पहिला आटा नटाच्या आट्यावरून घसरून जागेवर पडतो. तेव्हा 'टिक्' असं होतं. आवाज फार बारीक असतो, कानाआधी बोटांना कळतो. तो आला की मगच सुलटं फिरवायचं. मग आटा आट्यावर चढत नाही, दोघांपैकी कुणाचंच नुकसान होत नाही.

हे बाबांना आजोबांनी शिकवलं आणि मला बाबांनी. मी शिकलो ते मात्र बोल्टावर नाही, दाढीच्या रेझरवर. सातवी-आठवीत असेन. दाढी यायला अवकाश होता, पण बाबांची दाढी झाली की रेझर उघडून धुणं, पुसणं आणि परत जोडणं हे काम मला मिळालं होतं. मोठाच मान होता तो.

बाबांची दाढी पडवीत व्हायची. खिडकीच्या गजाला गोल आरसा, कट्ट्यावर बंबातल्या कढत पाण्याचा तांब्या, पितळी वाटीत साबणाची वडी, आणि तुरटीचा गुळगुळीत झालेला खडा. रेझर इंग्लंडमध्ये बनलेला, जिलेटचा 'टेक' नावाचा. तो आजोबांनी सोलापुरात घेतलेला. बाबांना पहिली नोकरी लागली तेव्हा आजोबांनी तो त्यांच्या हातात दिला आणि स्वतः पुन्हा न्हाव्याकडे जायला लागले. दाढी झाली की बाबा तांब्यातलं उरलेलं फेसाळ पाणी अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी फेकत. रेझरचे तीन तुकडे, म्हणजे वरची टोपी, खालची पट्टी आणि मूठ, खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात वाळत पडत. ओला रेझर जोडून ठेवला तर बाबा रागवत नसत. पण काही न बोलता तो पुन्हा उघडून ठेवत, आणि तेच मला जास्त लागायचं.

मी आता पंचावन्नचा आहे. गेली सहा-सात वर्षं पुण्याच्या जुन्या बाजारातून, बुधवार-रविवार जेव्हा जमेल तेव्हा, जुने सेफ्टी रेझर शोधून आणतो. ते साफ करतो, वापरतो, कुणी मनापासून मागितला तर देतो. बाजारात ते कुलपं, पितळी नळ, घड्याळाचे पट्टे, बिनकाचेचे चष्मे यांच्या ढिगात पडलेले असतात. काळे, चिकट, साबणाच्या पुटांनी भरलेले. कित्येकांत शेवटचं ब्लेड अजून तसंच असतं, म्हणून ढिगात बोटं घालताना जपावं लागतं.

मला या वस्तूची ओढ का वाटते हे पहिल्यांदा एक रेझर उघडून, धुऊन, उजेडात धरला तेव्हा कळलं. त्यात लपवलेलं काही नाही. पातळ पोलादी पानाला ताठपणा कुठून आला, तर टोपी आणि पट्टी यांच्या बाकामुळे. ब्लेड हातात सरळ, लवचीक, जवळजवळ कागदासारखं असतं. मूठ आवळली की ते टोपीखाली कमानीसारखं वाकतं आणि वाकल्यामुळेच ताठ होतं. एवढीच युक्ती आहे, आणि ती डोळ्यांना दिसते.

ही युक्ती किंग कॅम्प जिलेट नावाच्या फिरत्या विक्रेत्याची. बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कंपनीचा माल तो अमेरिकेत विकत हिंडायचा. त्या बुचांचा शोध लावणाऱ्या विल्यम पेंटरने त्याला सल्ला दिला होता की, एकदा वापरून फेकून द्यावी लागेल अशी वस्तू काढ, म्हणजे गिऱ्हाईक परत परत येईल. 1895 साली बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमधल्या घरी, वस्तऱ्याची धार गेलेली बघत असताना, त्याला पातळ पत्र्याच्या ब्लेडची कल्पना सुचली. सुचली खरी, पण एवढ्या पातळ पोलादाला पाणी देऊन धार धरायला लावता येईल असं जाणकारांना वाटत नव्हतं. ते जमवलं विल्यम निकरसन या इंजिनिअरने, आणि त्यात वर्षं गेली. 1903 साली विक्री सुरू झाली त्या वर्षी खपले फक्त 51 रेझर आणि 168 ब्लेडं. पुढच्या वर्षी रेझरांचा आकडा नव्वद हजारांच्या वर गेला. 1904 च्या नोव्हेंबरात पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सरकारने आपल्या सैनिकांसाठी 35 लाख रेझर आणि 3 कोटी 20 लाख ब्लेडं घेतली. विषारी वायूचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसायचा तर दाढी तुळतुळीत हवी, हेही त्यामागचं एक कारण. घरी परतलेल्या त्या पोरांना मग स्वतःच्या हाताने रोज दाढी करायची सवय लागली होती.

पेंटरचा सल्ला होता फेकून द्यायच्या वस्तूचा. फेकलं गेलं ते ब्लेड. ज्याच्यात ते बसवायचं तो रेझर मात्र पितळेचा, वर निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा, आणि असा मजबूत की नातवाच्या हातात यावा. अमेरिकेतल्या न्हाणीघरांच्या कपाटांना मागे एक फट असायची. वापरलेलं ब्लेड त्या फटीतून आत सोडलं की ते भिंतीच्या पोकळीत पडायचं आणि तिथंच राहायचं. आमच्याकडे ब्लेडला एवढ्या लवकर निवृत्ती नव्हती. दाढीतून सुटलेल्या ब्लेडने पेन्सिलींना टोकं निघत, आई उसवायच्या शिवणी त्याने उसवायची, आणि अगदी शेवटी ते फडताळावरच्या पत्र्याच्या डबीत जायचं. ती डबी हलवली की खुळखुळ्यासारखी वाजायची. आम्हा भावंडांना तिला हात लावायची बंदी होती.

सुरुवातीला मी एक रेझर घालवला, ते सांगायला हवं. जुन्या बाजारात दीडशे रुपयांना सोनेरी मुलाम्याचा एक रेझर मिळाला. तळाशी मुठीचं बटण फिरवलं की डोक्याची दोन दारं देवळाच्या कवाडांसारखी उघडायची. वरून सगळा काळवंडलेला होता. आमच्याकडे पितळ दिसलं की हात चिंचेकडे जातो. आईने समया, तांब्या-पेले, देवाची उपकरणी जन्मभर चिंचेने नाही तर लिंबू-मिठाने लखलखीत ठेवली. मी चिंच लावली, मग भांडी घासायची पावडर घेऊन जोमाने घासलं. पाच मिनिटांत रेझर झगझगीत झाला आणि मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी उन्हात बघितला तर मुठीच्या खाचांत तेवढं सोनं उरलं होतं. बाकी सगळीकडे उघडं पितळ. त्या रेझरांवरचं सोनं म्हणजे नुसती हळद लावल्यासारखा थर असतो. साठ-सत्तर वर्षं टिकलेला तो थर मी पाच मिनिटांत खरवडून मोरीत घालवला. समई आतून-बाहेरून पितळच असते, ती कितीही घासली तरी समईच राहते. मुलाम्याच्या वस्तूला तो न्याय लावता येत नाही, हे मला तोपर्यंत कळलं नव्हतं. तो रेझर मी विकला नाही. टेबलावर समोरच ठेवला आहे.

त्यानंतर माझी पद्धत अगदी मवाळ झाली. आधी रेझर उघडायचा आणि आतलं ब्लेड जाड कागदात गुंडाळून बाजूला ठेवायचं. मग कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. कोमट म्हणजे हाताला सुखावेल इतकंच. काही मुठींवर रोगण असतं, काहींवर रंगवलेले आकडे असतात, उकळतं पाणी ते उचलून टाकतं. त्या पाण्यात रेझर रात्रभर नाही, तासभर ठेवायचा, मग मऊ टूथब्रश. निम्म्याहून जास्त रेझर एवढ्यावरच उजळतात. लोकांना वाटतं काळा थर म्हणजे धातू खराब झाला. बहुतेक वेळा तो साबणच असतो. जड पाण्यातल्या चुन्याशी साबणाचं जमत नाही, दोघं मिळून न विरघळणारा एक राखाडी चिकटा तयार करतात. बादलीच्या कडेला जे पांढरट पुट बसतं त्याचाच हा भाऊबंद. त्याच्यात त्वचेचं तेल, केसांचा भुगा आणि वर्षांची धूळ मिसळली की दगड होतो.

हा दगड साबणाने हलत नाही, त्याला आंबट लागतं. पाव लिटर पाण्यात ढोकळ्यात घालतात ते सायट्रिक ॲसिड, अर्धा चमचा. आणि घड्याळ समोर ठेवायचं. पाच मिनिटं झाली की बाहेर, स्वच्छ पाणी, ब्रश. गरज वाटली तर पुन्हा पाच मिनिटं. आंबटाला विसरून चहा प्यायला जायचं नाही. निकेल थोडा वेळ सोसतं, जास्त वेळ ठेवलं तर मंद पडतं. मूठ ॲल्युमिनियमची असेल तर तिला वेगळं जपायचं, धुण्याच्या सोड्याचं पाणी लागलं तरी ती काळी पडते. आणि जस्ताच्या मिश्रधातूचे नंतरच्या काळातले रेझर आले तर आंबटाचं नावच काढायचं नाही. त्यांच्या मुलाम्याला मुळातच फोड आलेले असतात, आत आंबट शिरलं की धातू भुसभुशीत होतो.

सांध्यांतून हिरवा कळंक दिसला तर मी थांबतो. कळंक म्हणजे मुलाम्याला कुठंतरी वाट पडली आहे आणि आतलं पितळ हवेला लागलं आहे. ज्या पितळी भांड्याची कल्हई गेली त्यात ताक कळकतं, तोच प्रकार. अशा ठिकाणी बांबूची काडी टोकदार करून फक्त हिरवं तेवढं काढायचं. लोखंडी सुई, तारेचा ब्रश, काथ्या यांतलं काही जवळ ठेवायचंच नाही, कारण जवळ असलं की हात जातो. शेवटी सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल, कारण आधी तो कुणाच्या गालावरून फिरला ते आपल्याला ठाऊक नसतं. मग सुती धोतराच्या फडक्याने पुसून ऊन. दारं उघडणाऱ्या रेझरांच्या बटणात औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब.

पुन्हा मुलामा चढवून घेणारे लोक आहेत. त्यांना मी नावं ठेवत नाही, पण मी स्वतः तसं करत नाही. मुलाम्याआधी रेझर चाकावर घासून गुळगुळीत करावा लागतो. त्यात तळाची अक्षरं पुसट होतात आणि टोपीच्या कडा गोल होतात. ज्या बाकावर ब्लेडचा ताठपणा अवलंबून आहे तो बाकच बदलला, तर रेझर दिसायला नवा आणि गालावर परका होतो. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाने तिकडच्या घरगुती विक्रीतून जिलेटचाच एक 'सुपर स्पीड' रेझर आणून दिला. त्याच्या तळाशी 'ए' आणि 2 कोरलेलं आहे. ए म्हणजे 1955, दोन म्हणजे त्या वर्षाची दुसरी तिमाही. भिंगातून ते अक्षर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वस्तूची जन्मपत्रिकाच मिळाल्यासारखं झालं. ते अक्षर राखण्यासाठी मी वाटेल तेवढे ओरखडे चालवून घेईन.

हे सगळं मी इतक्या वेळा केलं आहे की परक्यांच्या मळाची मला कधी किळस वाटली नाही, आणि कधी माया आली असंही नाही. मळ तो मळ. धुतला, संपला.

बाबा गेल्या मार्गशीर्षात गेले. आई आधीच गेली होती. बार्शीच्या घरात ते एकटे राहत. ताई लातूरला, मी पुण्यात, दोघं आळीपाळीने जात होतो. पुण्याला या म्हटलं की म्हणायचे, "चाललंय की इथं." अचानकच गेले, झोपेत. सुतकात दाढी करायची नाही, म्हणून माझे पांढरे खुंट वाढत चालले होते. रोज सकाळी पडवीत तोंड धुताना तो गोल आरसा समोर यायचा आणि त्याच्याखाली कट्ट्यावर रेझर. तो जोडलेला होता. बाबांचा रेझर उन्हात उघडून न ठेवता जोडलेला आहे, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पण मनाने त्याची नोंद घेतली नाही. घरात माणसांची ये-जा होती.

दहाव्याला ओढ्याकाठी क्षौराला बसलो. न्हाव्याने धोकटी उघडली. पूर्वीसारखा घडीचा लांब वस्तरा आता कुणी वापरत नाही. त्याने एक नवं ब्लेड कागदासकट मधोमध वाकवून मोडलं, अर्धं वस्तऱ्याच्या चिमटीत बसवलं, अर्धं कागदात ठेवलं. ब्लेड मोडताना कट् असा आवाज आला. हे तेच ब्लेड, दोन धारांचं, बाबांच्या रेझरमध्ये बसायचं ते. माझ्या शेजारी चुलतभाऊ बसला होता, उरलेलं अर्धं त्याच्यासाठी होतं. डोक्यावर थंड पाणी पडलं आणि मला तो जोडून ठेवलेला रेझर आठवला.

तेरावं झालं. पाहुणे गेले. ताई स्वयंपाकघरातले डबे आवरत होती, मी पडवीत आलो आणि रेझर हातात घेतला. मूठ फिरवली. फिरली नाही. अजून थोडी, मग थांबलो, कारण आट्यांना जोर लावायचा नाही. उजेडात धरून बघितला. टोपी आणि पट्टीच्या मधली फट राखाडी दगडाने पूर्ण भरलेली होती. बार्शीच्या आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की बादल्यांवर वर्षभरात कवच धरतं. पण बाबांच्या रेझरवर मी जन्मात कधी पांढरा ठिपका पाहिला नव्हता. एवढं पुट चढायला महिने लागतात. पाच, सहा, जास्तच असतील.

मग मुठीवर बोट फिरलं. मुठीच्या मधोमध, जिथं बारीक चौकटींची खरखरीत नक्षी आहे तिथं, समोरासमोर दोन ठिकाणी नक्षी चेपली होती. आडवे, समांतर, दातांचे ओरखडे. निकेल फाटून खालचं पितळ पिवळं दिसत होतं, ताजं, अजून न काळवंडलेलं. ते दात मी ओळखले. जिन्याखालच्या पेटीतली आजोबांची पक्कड.

मी कट्ट्यावर बसलो. फिटरच्या मुलाने रेझरला पक्कड लावली होती. ज्यांनी उभ्या आयुष्यात बरणीच्या झाकणालाही कधी जोर लावू दिला नाही, त्यांनी. म्हणजे त्याआधी काय काय झालं असेल, ते माझ्यापुढे एकेक करून उभं राहू लागलं. अंगठा दुखायला लागला असेल. एक दिवस मूठ फिरली नसेल, उद्या बघू म्हणून रेझर तसाच ओला ठेवला असेल. दुसऱ्या दिवशी आट्यांत साबण वाळलेला, बोटांत तेवढीही ताकद नाही. मग तेच ब्लेड. आठ दिवसांनी तेच, महिन्यानेही तेच. मधे कधीतरी, घरात कुणी नसताना, ते पक्कड घेऊन बसले. तीही दाबली गेली नसेल पुरेशी, नाहीतर मूठ सुटली असती.

आरशाच्या मागच्या फळीवर ब्लेडांची दहा पाकिटं होती. गेल्याच्या गेल्या दिवाळीला मीच पुण्याहून नेलेली. एकही फोडलेलं नव्हतं.

दिवाळीनंतर मी किती वेळा गेलो? चार वेळा. चारही वेळा त्यांच्या हनुवटीवर वर्तमानपत्राचा टिकलीएवढा कपटा चिकटलेला होता, रक्त थांबवायला. मी म्हणालो होतो, "बाबा, आता विजेचं मशीन घ्या, कशाला कापून घेता?" ते म्हणाले, "सवय आहे रे." एकदा तर गळ्यावर पांढरे खुंट तसेच राहिले होते, तेव्हा मी "इकडं राहिली बघा दाढी" असं म्हणून हसलोही होतो. परक्यांचे रेझर मी भिंगातून बघतो. यांच्याकडे मी रेझर मागितलाही नाही कधी, म्हणायला सुचलं नाही की बाबा, आणा, पूर्वीसारखा धुऊन देतो.

ताई बाहेर आली. माझ्या हातातला रेझर तिने बघितला आणि म्हणाली, "हा तू ने. तुला त्यातलं कळतं. पण धुणार आहेस का?" मी काही बोललो नाही. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. त्या राखाडी दगडात बाबांच्या गालावरचे केस होते. अस्थी आम्ही विसर्जित करून आलो होतो. घरात त्यांचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

दोन दिवस तो कट्ट्यावर तसाच राहिला. मला वाटलं, तसाच कापडात बांधून पुण्याला न्यावा, कपाटात ठेवावा. तिसऱ्या दिवशी सकाळी पडवीत ऊन आलं आणि त्या उन्हात जोडलेला, मळलेला रेझर मला बघवेना. बाबांना तो असा ठेवायचा नव्हता. तो उघडावा म्हणून त्यांनी पकडीपर्यंत मजल मारली होती. ते पुट त्यांनी जपलेलं नव्हतं, ते त्यांच्यावर ओढवलं होतं.

पितळी वाटीतच कोमट पाणी घेतलं. साबणाचे थेंब टाकले, रेझर त्यात आडवा ठेवला. तासाने पाणी बदललं. दुपारी पुन्हा. आट्यांच्या तोंडाशी काडीने पॅराफिन सोडलं, ताईकडे मुलांसाठी आणलेली बाटली होती ती. रात्री फडक्यात गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी आंबट पाणी, पाच मिनिटं, मग पुन्हा पाच. फटीतला दगड कडेने मऊ पडू लागला. बांबूची काडी घेऊन मी तो कणाकणाने सोडवत बसलो. एरवी हे काम करताना मी रेडिओ लावतो. त्या दिवशी लावला नाही. ताई समोर बसून तांदूळ निवडत होती. आम्ही बोलत नव्हतो, पण मधूनमधून ती मान वर करून बघायची.

तिसऱ्या दिवशी, फार काही न करता, मूठ सुटली. मी जोर लावला नव्हता. नुसती धरली, आणि ती दोन बोटांत फिरली. ताईला दाखवली. तिने पदर डोळ्यांना लावला.

आतलं ब्लेड तपकिरी ठिपक्यांनी भरलं होतं. ते निघालं तेव्हा कड बोटाच्या नखावर हलकेच टेकवून बघितली. धार म्हणून काही उरलीच नव्हती. या पत्र्याने त्यांनी सहा महिने गाल खरवडले. टोपीच्या आतल्या बाजूला, दोन खुंटांच्या भोवती, पांढरे केस साबणात रुतलेले होते, तिळाच्या टोकाएवढे. ब्रशने ते सगळे वाटीत उतरवले. पाणी दुधट झालं. ती वाटी मोरीत ओतवेना. मी अंगणात गेलो आणि ते पाणी कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतलं, ते रोज फेकत तिथंच. झाड आता कौलांच्या वर गेलं आहे.

पकडीचे ओरखडे काढता आले असते. चेपलेली नक्षी पुन्हा उठवून देणारे कारागीर मला माहीत आहेत. त्याला मी हात लावला नाही. उघडं पितळ काळवंडू नये म्हणून त्यावर फक्त मेणाचं एक बोट फिरवलं. मूठ धरली की अंगठा नेमका तिथंच पडतो.

टोपी, पट्टी, मूठ पुसून खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवली, आणि ती वाळेपर्यंत डोक्यावरून हात फिरवत तिथंच बसलो. डोक्यावर आणि गालांवर खुंट उगवायला लागले होते. ताईने न सांगता तांब्याभर कढत पाणी आणून ठेवलं. मी फळीवरून दहातलं एक पाकीट काढलं, फोडलं. टोपी उलटी तळहातावर धरली, ब्लेड ठेवलं, त्यावर पट्टी. मूठ आट्यांवर टेकवली आणि उलटी फिरवायला लागलो. थोडी फिरली, अजून थोडी, आणि मग बोटांना ते लागलं. टिक्.